सिंग सिंगचे तीन तुरुंगाधिकारी

तुरुंगाचा इतिहास म्हटला कीं, तेथें डांबलेल्या माणसांच्या हकीकती डोळ्यांपुढें उभ्या राहतात. त्यांना डांबून ठेवणाऱ्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक कैदी येतो, शिक्षा भोगतो आणि जातो; तुरुंगाला वळण लागतें तें किल्ल्या ज्याच्या हातीं असतात त्याच्याकडून. १९३० व १९४२ च्या चळवळींत ज्या घरांतील माणसें तुरुंगवास भोगून आलीं, त्या घरांत वडीलधाऱ्यांच्या तोंडून हें ऐकलेलें असेल कीं, इमारत तीच, नियमांचें पुस्तक तेंच, पण साहेब बदलला कीं तुरुंग बदलतो. या म्हणण्यांत तथ्य किती आणि त्याची मर्यादा कोणती, हें पाहण्यासाठीं अमेरिकेंतील एका जुन्या सरकारी तुरुंगाचा वृत्तांत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारें ३० मैलांवर, हडसन नदीच्या पूर्व कांठीं हा तुरुंग आहे. त्याचें नांव 'सिंग सिंग'. इंग्रजी जाणणारास तें गाण्यावरून पडलें असेंच वाटेल. परंतु तें तेथील मूळच्या रहिवाशांच्या भाषेंतून आलेलें असून 'दगडावर दगड' असा त्याचा अर्थ सांगतात. तेथील मुख्य अधिकाऱ्यास पुढें 'वॉर्डन' म्हणूं लागले. आपल्या तुरुंगांतील 'वॉर्डर' म्हणजे पहारेकरी. त्याच्याशीं याचा घोंटाळा होऊं देऊं नये. आपल्याकडील सुपरिंटेंडेंटचा जो अधिकार तोच तेथें वॉर्डनचा.

इ. स. १८२५ च्या मे महिन्यांत ऑबर्न तुरुंगाचा अधिकारी एलम लिंड्स हा १०० कैदी घेऊन जलमार्गानें या ठिकाणीं आला. तेथें ना भिंत होती, ना छप्पर. जवळच्या खाणींतील संगमरवरी दगड फोडून कैद्यांनीं आपला तुरुंग आपणच बांधावा, अशी योजना होती. १८२८ पर्यंत ८०० कोठड्यांची इमारत उभी राहिली. कोठडीची लांबी ७ फूट, रुंदी ३ फूट ३ इंच आणि उंची ६ फूट ७ इंच. आपल्या जुन्या वाड्यांतील देवघरही कित्येकदां याहून ऐसपैस असतें.

उघड्या माळावरून हे कैदी पळून कां गेले नाहींत, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचें उत्तर मौन व चाबूक हें होय. दिवसा सर्वांनीं एकत्र काम करावयाचें, रात्रीं एकेकट्यानें कोठडींत राहावयाचें, आणि दोन्ही वेळीं अवाक्षर काढावयाचें नाहीं, हा दंडक होता. चालावयाचें तें एकामागून एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, पावलाला पाऊल लावून. चुकला त्यास फटके. कैद्याची हिंमत प्रथम मोडली पाहिजे, असें लिंड्सचें मत होतें. १८३१ सालीं अमेरिकेंतील तुरुंग पाहण्यास गेलेल्या तोकव्हिल व बोमाँ या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं त्याची एक गोष्ट नमूद केली आहे. एक कैदी आपला जीव घेण्याच्या गोष्टी बोलतो असें लिंड्सच्या कानांवर आलें. त्यानें त्यालाच आपल्या निजावयाच्या खोलींत बोलाविलें आणि वस्तरा घेऊन आपली दाढी करावयास लाविलें. दाढी झाल्यावर त्यानें त्यास सांगितलें कीं, तुझा बेत मला ठाऊक होता. परंतु तो तडीस नेण्याची छाती तुझ्यांत नाहीं, हेंही मला ठाऊक होतें. या निर्भयतेचें नवल वाटेल. पण तिच्या मुळाशीं समोरच्या माणसाविषयीं निव्वळ तुच्छता होती. क्रौर्याचे आरोप लिंड्सवर वारंवार झाले आणि त्याला पद सोडावें लागलें. त्याची पद्धत मात्र मागें राहिली.

तिला पहिला धक्का एका स्त्रीनें दिला. सिंग सिंगच्या आवारांत स्त्री-कैद्यांसाठीं निराळा तुरुंग होता. १८४४ सालीं त्यावर एलायझा फार्नहॅम या बाईंची नेमणूक झाली. त्यांनीं मौनाचा नियम सैल केला, कैदी स्त्रियांना वाचून दाखविण्यास व वाचावयास शिकविण्यास आरंभ केला, खिडक्यांत फुलें आणून ठेविलीं. तुरुंगाचें विश्रामगृह केलें, अशी ओरड झाली आणि १८४८ मध्यें बाईंना निघावें लागलें. पुढें कित्येक वर्षें वॉर्डनचें पद म्हणजे निवडणूक जिंकणाऱ्या पक्षानें आपल्या माणसास द्यावयाचें बक्षीस होऊन बसलें. सिंग सिंगमधून लवकर सुटावयाचें असेल तर वॉर्डन होऊन जावें, अशी कोटीच प्रचलित झाली.

अशा ठिकाणीं १९१४ च्या डिसेंबरांत थॉमस मॉट ऑस्बोर्न हे वॉर्डन म्हणून आले. ते ऑबर्न गांवचे सधन कारखानदार व माजी नगराध्यक्ष. त्याच्या आदल्या वर्षीं त्यांनीं एक विलक्षण गोष्ट केली होती. तुरुंगसुधारणेच्या सरकारी मंडळाचे अध्यक्ष असतां, 'टॉम ब्राऊन' हें नांव घेऊन ते ऑबर्न तुरुंगांत सुमारें एक आठवडा कैदी म्हणून राहिले. कैद्यांचे कपडे, कैद्यांचें अन्न, इतकेंच नव्हे तर अंधारकोठडींतील रात्रही त्यांनीं अनुभविली. मनुष्याला जबाबदारी दिल्यावांचून तो जबाबदारीनें वागावयास शिकत नाहीं, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. त्यांच्या प्रेरणेनें कैद्यांचें 'म्युच्युअल वेल्फेअर लीग' म्हणजे परस्परहित-मंडळ निघालें. सिंग सिंगमध्येंही कैदी आपले प्रतिनिधी मतानें निवडूं लागले. लहानसहान गुन्ह्यांचा न्याय कैद्यांचें न्यायमंडळ करूं लागलें. जेथें शब्द उच्चारणें हा गुन्हा होता तेथें सभा भरूं लागल्या.

विरोधकांना हें मानवलें नाहीं. वर्ष उलटतें न उलटतें तोंच १९१५ च्या अखेरीस ऑस्बोर्न यांच्यावर फौजदारी खटला उभा राहिला. तो कोर्टांत टिकला नाहीं. १९१६ च्या जुलैंत ते परत आले, परंतु वरिष्ठांशीं पटेना म्हणून ऑक्टोबरांत त्यांनीं राजीनामा दिला. एवढा मोठा प्रयोग, आणि त्याला मिळालेला अवधि दोन वर्षांहूनही कमी!

१ जानेवारी १९२० रोजीं लुइस लॉज हे वॉर्डन झाले. १९०५ सालीं साध्या पहारेकऱ्याच्या जागेवरून चढत आलेला हा मनुष्य २१ वर्षें टिकला, यांतच त्यांचें खरें यश आहे. ऑस्बोर्न यांचें मंडळ त्यांनीं बंद केलें नाहीं; त्याचे अधिकार मात्र मर्यादित केले. त्यांनीं जुन्या कोंदट कोठड्यांच्या जागीं नव्या इमारती उठविल्या. पत्नीच्या खुनाबद्दल जन्मठेप भोगणारा चार्ल्स चॅपिन नांवाचा एक वृत्तपत्रकार तेथें होता. त्याला लॉज यांनीं गुलाबाची बाग करूं दिली. लॉज-कुटुंब तुरुंगालगतच राही आणि घरकामास कैदीच असत. खुनाची शिक्षा झालेला एक कैदी वॉर्डनसाहेबांची रोज दाढी करी, असें सांगतात. वस्तरा तोच, परंतु येथें तो विश्वासानें हातीं दिलेला होता. १९३७ सालीं त्यांच्या पत्नी कॅथरिन अपघातानें वारल्या, तेव्हां कैद्यांना त्यांचें अंत्यदर्शन घेऊं देण्यांत आलें.

पण याच सज्जन माणसाच्या हातून विजेच्या खुर्चीवर ३०३ जणांना देहान्त शासन झालें. लॉज फांशीच्या शिक्षेचे कट्टर विरोधक होते; तिच्याविरुद्ध त्यांनीं लिहिलें, व्याख्यानें दिलीं. तरी कायद्याची आज्ञा आली कीं, ती त्यांना पाळावी लागे. अधिकाऱ्याच्या चांगुलपणाची मर्यादा येथें स्पष्ट दिसते. तो कायद्याची धार सोसण्याजोगी करूं शकेल. ती धार काढून टाकणें त्याच्या हातीं नसतें. सिंग सिंगमधील शेवटचें देहान्त शासन १९६३ सालीं झालें. तोंपर्यंत लॉज यांच्या मृत्यूस सोळा वर्षें होऊन गेलीं होतीं.

हा विचार आपल्या प्रांतालाही अपरिचित नाहीं. १९३९ सालीं औंध संस्थानांत आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही भिंत नसलेली कैद्यांची वसाहत निघाली. तींत कैदी कुटुंबासह राहून शेती करूं लागले. तिच्याच प्रेरणेनें व्ही. शांताराम यांनीं १९५७ सालीं 'दो आंखें बारह हाथ' हा बोलपट काढला. बोलपटांतील जेलर मरतो; परंतु वसाहत संस्थान विलीन झाल्यावरही राहिली, कारण तिला व्यवस्थेंत जागा मिळाली होती.

फार्नहॅमबाई आणि ऑस्बोर्न यांना जें साधलें नाहीं तें हेंच. दयाळू अधिकारी लाभणें हें कैद्याचें दैव. त्याच्या बदलीनंतरही त्यानें पाडलेला प्रघात टिकणें, ही समाजाची कर्तबगारी. तुरुंगांत जाणारा आपल्यापैकीं क्वचित् असेल, परंतु ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचें सुखदुःख अवलंबून आहे असा मनुष्य घरोघर असतो. आपल्या हाताखालच्या माणसांना आपण लिंड्सप्रमाणें वागवितों कीं ऑस्बोर्नप्रमाणें, आणि आपल्या मागें त्यांतलें काय उरेल, याचा विचार प्रत्येक कर्त्या स्त्रीपुरुषानें आपापल्या ठिकाणीं करून पाहावा, असें आम्हांस वाटतें.