नागीण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, खपल्या पडल्या, तरी व्हॅरिसेला झोस्टर हा विषाणू शरीर सोडत नाही. पाठीच्या कण्यालगत आणि कवटीच्या तळाशी मज्जातंतूंच्या ज्या गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइड सुरू झाले, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या गाठीतला विषाणू वाढू लागतो आणि त्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. मधुमेह असलेल्यांतही हे प्रमाण जास्त दिसते; पुष्कळदा मात्र नेमके कारण हाती लागत नाही. इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथील डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांनी आपल्या दवाखान्यातल्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून १९६५ साली ही उपपत्ती मांडली आणि पुढील संशोधनाने तिला दुजोरा दिला. सर्पदोष, कुणाची नजर किंवा अंगावरून फिरलेला कोळी यांचा या आजाराशी संबंध नाही.

सर्वांत जास्त भीती घालणारा समज म्हणजे नागिणीची दोन्ही टोके जुळली की माणूस दगावतो. पुरळ कुठवर येते ते पाहिले की हा समज टिकत नाही. कण्यातून मज्जातंतूंच्या जोड्या निघतात. डावा तंतू शरीराच्या डाव्या बाजूला जातो, उजवा उजव्या बाजूला. विषाणू बहुधा एकाच बाजूच्या एकाच तंतूत जागा होतो, म्हणून पुरळ पाठीच्या कण्याजवळ सुरू होते, काखेखालून बरगड्यांच्या कडेने पट्ट्यासारखे पुढे येते आणि छातीच्या मध्यरेषेपाशी पट्टीने आखल्यासारखे थांबते. त्यापुढे त्या तंतूची हद्दच नसते. क्वचित दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड येतात. अशा रुग्णाची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असू शकते आणि त्याला रुग्णालयात ठेवावे लागते. तिथे धोका असतो तो विषाणू फुप्फुसांत किंवा मेंदूत पसरण्याचा, टोके जुळण्याचा नव्हे.

या भीतीपायीच माणसे डॉक्टरांआधी नागीण उतरवणाऱ्याकडे जातात. तो मंत्र म्हणतो, गेरूचा किंवा दूर्वा-तांदळाचा लेप लावतो, आणि गुणही येतो. येणारच, कारण धडधाकट माणसाचे फोड कोणत्याही उपायाविना सात ते दहा दिवसांत सुकतात आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी पूर्ववत होते. मंत्राला मिळणारे यश खरे तर आजाराच्या स्वाभाविक क्रमाचे असते. लेपामुळे उघड्या फोडांत जंतू शिरून पू होऊ शकतो, पण त्याहून मोठे नुकसान गेलेल्या वेळेचे होते. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर किंवा फॅमसायक्लोव्हिर या विषाणूरोधक गोळ्यांचा सर्वाधिक उपयोग पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास होतो. पहिले तीन दिवस लेपात गेले की ही संधी हुकते. तरीही उशीर झाला म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. नवे फोड येतच असतील, चेहऱ्यावर नागीण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर नंतरही औषध दिले जाते. मोठ्या माणसाला असायक्लोव्हिरची ८०० मिलिग्रॅमची गोळी सहसा दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते, म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने ती घेऊ नये.

नागीण म्हणजे कातडीचा रोग, हा समजही अपुरा आहे. मूळ दुखणे मज्जातंतूचे असल्याने फोड दिसण्याआधी दोन-तीन दिवस त्या जागी आग होते, मुंग्या येतात, चमका मारतात. डाव्या छातीत असे दुखू लागले की ईसीजी काढला जातो. पोटाच्या उजव्या बाजूला दुखले तर अपेंडिक्सची शंका येते. मग अंगावर पाणीदार फोडांचे घोस उठतात आणि कोडे सुटते. कपाळ, पापणी आणि विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्यालाही बाधा होण्याची शक्यता मोठी असते. अशा रुग्णाने त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे, कारण दृष्टी जाऊ शकते. कानात फोड आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे हेही तितकेच तातडीचे.

नागिणीच्या रुग्णापासून दुसऱ्याला नागीण लागत नाही. मात्र ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत पुरळ झाकून ठेवावे, टॉवेल वेगळा ठेवावा आणि कांजिण्या न आलेल्या गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे व प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांच्याजवळ जाणे टाळावे. ताट-वाटी वेगळी काढण्याचे किंवा रुग्णाला खोलीत कोंडण्याचे कारण नाही.

आंघोळ बंद करणे, मीठ-फोडणी वर्ज्य करणे यांनीही काही साधत नाही. साध्या पाण्याने रोज आंघोळ करून कातडी हलकेच टिपावी आणि सैल सुती कपडे घालावेत. खाज थांबावी म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम मात्र लावू नये. अँटिबायोटिकचा विषाणूवर परिणाम होत नाही. फोडांत पू झाला तरच त्याची गरज पडते.

फोड सुकले म्हणजे आजार संपला, हा समज वृद्धांना महागात पडतो. इजा झालेला मज्जातंतू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे ठणकत राहतो. सदऱ्याचा स्पर्श किंवा पंख्याचा वाराही सोसत नाही आणि झोप उडते. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा लागू पडत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारखी मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधे डॉक्टर हळूहळू मात्रा वाढवत देतात.

एकदा होऊन गेली की नागीण पुन्हा होत नाही, असेही ठामपणे म्हणता येत नाही; काहींना ती दुसऱ्यांदा होते. तिच्यावरची शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ पासून मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. पन्नाशी उलटलेल्यांना दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस दंडात देतात. आधी नागीण होऊन गेलेल्यांनाही ती बरी झाल्यावर घेता येते. एक-दोन दिवस दंड दुखतो, काहींना कणकण येते. लस महाग आहे आणि सरकारी लसीकरणात नाही. उठलेल्या नागिणीवर उपचार म्हणून तिचा उपयोग होत नाही.