आधी आपले तपासू!

तामलवाडीच्या विहारात वंदनेनंतर एका तरुणाने विचारले, "येशूनंतर ४० वर्षांनी लिहिलेले शुभवर्तमान खरे कसे मानायचे?" सवाल रास्तच. मार्ककृत शुभवर्तमानाची शेवटची १२ वचने तर ४थ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाहीतच!

पण आम्ही म्हटले, आपल्या त्रिपिटकाचे काय? ते श्रीलंकेत लिहून निघाले भगवंतांनंतर सुमारे ४०० वर्षांनी. सगळे गप्प. बाबासाहेब मात्र गप्प बसले नव्हते. वयाच्या २९ वर्षांपर्यंत सिद्धार्थाला म्हातारा, रोगी, प्रेत दिसलेच नाही, ही परंपरागत कथा त्यांनी १९५७ साली निघालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बुद्धीला न पटणारी म्हणून नाकारली.

तरुणाने तो ग्रंथ घरी नेला. बायबलही मागितले आहे, सोलापूरहून आणू.