द्वाड मुलाला काय येत नसते?

गणिताचा तास संपल्याची घंटा होते. वह्या मिटून भाषेचे पुस्तक काढावे, असे शिक्षक सांगतात. सारा वर्ग तसे करतो. एक मुलगा मात्र मान खाली घालून अर्धे राहिलेले उदाहरण सोडवीतच बसतो. दुसऱ्यांदा सांगूनही तो हालत नाही, तेव्हा शिक्षक त्याची वही ओढून घेतात. क्षणार्धात कंपासपेटी जमिनीवर आदळते आणि शेजारच्या मुलाच्या पाठीत गुद्दा बसतो. शिक्षकांच्या मते मुलगा उद्धट आहे. शेजाऱ्यांच्या मते घरी त्याचे लाड फार झाले आहेत. त्याला नीट वागता येते, पण वागावयाचे नाही, हे दोघांचेही गृहीत आहे.

हे गृहीत खरे असेलच असे नाही. फळ्यावरील अक्षरे न दिसणारे मूल चष्मा मिळेपर्यंत पुष्कळदा आळशी ठरते. दृष्टीतील दोष तपासणीत उघड होतो. राग आवरण्याच्या किंवा मन वळविण्याच्या शक्तीतील उणीव मात्र तशी सहज दिसत नाही. दिसतो तो केवळ गुद्दा.

डेट्रॉइटमधील घर

ही उणीव शोधण्याचा एक संस्मरणीय प्रयत्न अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी झाला. व्हिएन्ना येथे मनोविश्लेषणाचा अभ्यास करून १९३६ मध्ये अमेरिकेत आलेले फ्रिट्झ रेडल आणि त्यांचे सहकारी डेव्हिड वाइनमन यांनी १९४६ मध्ये तेथे ‘पायोनियर हाउस’ नावाचे निवासगृह चालू केले. मारामारी व मोडतोड यांमुळे कोठेच न टिकणारी थोडीशी मुले तेथे राहत. जेवताना, खेळताना, झोपावयास जाताना ती कशी वागतात, याची नोंद सतत होत असे.

१९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चिल्ड्रन हू हेट’ या ग्रंथात त्यांनी, या मुलांच्या मनाला कोणकोणती कामे जमत नाहीत, याची लांब यादीच दिली. इच्छा थोडी लांबणीवर पडली की ती सोसवत नाही. नवी जागा किंवा नवा खेळ समोर आला की कुतूहलाऐवजी भीती दाटते, आणि ती भीती दांडगाईच्या रूपाने बाहेर पडते. भांडणानंतर ‘त्याने मला मारले’ एवढेच मुलाच्या ध्यानी राहते. आधी आपण त्याला डिवचले होते, हा दुवा स्मरणातून जणू विरून जातो. मोठी माणसे यास खोटेपणा म्हणतात. परंतु ज्याला घटनांची साखळीच जुळविता येत नाही, त्याला शिक्षेचे कारण तरी कसे उमगावे? तो शिक्षेतून एवढेच शिकतो, की मोठी माणसे आपल्या विरुद्ध आहेत.

मेंदूतील तीन कामे

पुढील संशोधनाने या उणिवांकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी दिली. स्वतःचे वर्तन चालविण्यासाठी मेंदूला प्रामुख्याने तीन कामे करावी लागतात: उसळी मारणाऱ्या कृतीला आवर घालणे, सूचना मनात धरून ठेवणे आणि एका कामावरून दुसऱ्याकडे लक्ष वळविणे. यांना कार्यकारी कौशल्ये म्हणतात. त्यांत मोठा वाटा असलेल्या मेंदूच्या पुढील भागाची वाढ वयाच्या सुमारे पंचविशीपर्यंत चालू असते, आणि ती सर्व मुलांत सारख्या वेगाने होत नाही. शिवाय भूक, अपुरी झोप व भीती यांनी ही कौशल्ये लवकर डळमळतात. म्हणूनच ‘काल तर जमले होते’ हा पुरावा पुरेसा नसतो.

विचारून पाहणे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांनी १९९८ मध्ये ‘द एक्स्प्लोझिव्ह चाइल्ड’ या पुस्तकात याच विचाराला व्यवहाराची जोड दिली. मूल कोणत्या प्रसंगी बिघडते ते आधी हेरावे. मन शांत असताना, त्या प्रसंगी काय अडते, हे त्यालाच विचारावे. मग आपली अडचण सांगावी आणि दोघांनाही पटेल असा उपाय मिळून काढावा. वरील मुलगा कदाचित सांगेल, की उदाहरण मध्येच सोडले तर पुढची पायरी डोक्यातून जाते. तसे असल्यास घंटेपूर्वी पाच मिनिटे सूचना देणे आणि पुढची पायरी वहीच्या कडेला टिपून ठेवणे, एवढ्यानेही फरक पडू शकेल.

ही काही जादू नव्हे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सतत विरोध करण्याची विकृती असलेली १३४ मुले होती. ग्रीन यांची पद्धत आणि पालकांना शाबासकी व नियम यांचा नेटका वापर शिकविणारी जुनी पद्धत, दोन्ही सारख्याच उपयोगी ठरल्या. दोहोंत सुमारे निम्मी मुले बरीच सुधारली. उपचाराची वाट पाहत राहिलेल्या गटात तशी सुधारणा एकाही मुलात आढळली नाही. उरलेल्या निम्म्यांचा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.

समजून घेणे म्हणजे चालवून घेणे नव्हे. ज्याच्या पाठीत गुद्दा बसला, त्याचे रक्षण प्रथम झालेच पाहिजे. परंतु भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. छडी गेली, तिच्या जागी काय आणावयाचे, हे प्रत्येक शाळेला ठरवावे लागते.

पैशाअभावी १९४८ मध्ये पायोनियर हाउस बंद पडले, आणि नुकती कोठे सावरू लागलेली मुले अर्ध्या वाटेवरच तेथून गेली. वाचन किंवा पोहणे यांप्रमाणेच राग आवरण्यासही वेळ, सराव आणि शिकविणारे माणूस लागते. पुढच्या वेळी कंपासपेटी आदळेल तेव्हा ‘याला काय शिक्षा करावी?’ असे विचारण्याआधी, ‘याला नेमके काय येत नाही?’ हे पाहावयास हवे.