ब्राउझरसाठी वेगळे खाते

कापडगिरणीत ब्लो-रूमचे खाते बाकीच्या खात्यांपासून भिंतीने तोडलेले असे. बाहेरून आलेल्या कापसाच्या गासडीत लोखंडाचा तुकडा निघे, तो यंत्रात आपटून ठिणगी पडे आणि कापूस पेटे. गासडी उघडावी तर लागेच. म्हणून ती उघडण्याची जागाच वेगळी ठेवली.

संगणकावरील ब्राउझर ही अशीच गासडी उघडण्याची जागा होय. इंटरनेटवरचे पान म्हणजे नुसता मजकूर नव्हे. त्यासोबत परक्याने लिहिलेल्या आज्ञाही येतात आणि आपल्या यंत्रावर चालतात. ब्राउझरच्या रचनेत एखादी चूक राहिली असेल, तर त्या आज्ञा आपल्या फायलींना हात घालू शकतात. युनियनच्या कचेरीत त्याच संगणकावर सभासदांची यादी असते. संघटना अजून उघड झालेली नसेल, तर ती यादी मालकाच्या हाती पडणे म्हणजे कित्येकांच्या पोटावर पाय येणे.

यावर एक उपाय आहे, तो आभासी यंत्राचा. 'हायपरवायझर' नावाची आज्ञावली एका खऱ्या संगणकात दुसरा कल्पित संगणक उभा करते. त्याची मेमरी निराळी, डिस्क निराळी, कार्यप्रणालीही निराळी. कल्पना जुनीच आहे. आयबीएमने १९७२ साली मोठ्या संगणकांसाठी जाहीर केलेली व्हीएम/३७० याच तत्त्वावर चाले. ब्राउझर या कल्पित संगणकात चालवावा. तेथे आग लागली, तर सहसा तेथलेच जळते. आरंभीची स्वच्छ स्थिती 'स्नॅपशॉट' म्हणून जपून ठेवावी. काम संपताच तिच्यावर परतले की आत शिरलेला बिघाड पुसला जातो. २०१२ साली पहिली आवृत्ती निघालेली 'क्यूब्स' ही कार्यप्रणाली तर निरनिराळ्या कामांना निरनिराळी आभासी यंत्रे देते.

पण भिंतीलाही भेग पडते. २०१५ साली 'व्हेनम' हा दोष उजेडात आला. फ्लॉपी चालवण्याच्या जुनाट, अडगळीत पडलेल्या भागातून आतली आज्ञावली बाहेर निसटू शकत होती. म्हणून हायपरवायझरचीही दुरुस्ती वेळोवेळी करून घ्यावी. दोन्ही यंत्रांत सामाईक फोल्डर ठेवला, तर भिंतीला आपणच दार पाडले असे होते. आणि खोट्या पानावर आपल्याच हाताने पासवर्ड लिहिला, तर बिचारी भिंत काय करणार?

तेव्हा आम्ही एवढेच सांगू: सभासदाने विश्वासाने दिलेले नाव त्या खात्यात कधी नेऊ नये. गासडी उघडतो तेथे घरचे धान्य कोणी साठवीत नाही.