विश्लेषण : जुन्या स्पीकरचा आवाज दबला... भंगारात द्यायचा की क्रॉसओव्हर दुरुस्त करायचा?

चाळीस वर्षांपूर्वीच्या स्पीकरमधून गाण्यातले शब्द अस्पष्ट येऊ लागले, की अनेक जण तो ‘बसला’ असे समजतात. प्रत्यक्षात दोष बऱ्याचदा पेटीच्या आतल्या एका छोट्या भागात असतो. हा भाग कोणता, तो कसा तपासायचा आणि बदलताना काय टाळायचे, याचा आढावा...

खामगाव : ‘रजतनगरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खामगावात जुना दागिना मोडीत घालायचा असला, तरी आधी त्याची शुद्धता तपासली जाते. घरातल्या जुन्या स्पीकरच्या वाट्याला मात्र एवढी तपासणीही येत नाही. आवाज दबला, खरखर आली, की जोडी माळ्यावर जाते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे.

१९७० आणि १९८० च्या दशकांत परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्या काळात कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक, फिलिप्स अशा नावांचे स्पीकर मध्यमवर्गीय घरांत आले. लाकडी पेटी, मोठा वूफर आणि जड चुंबक असलेल्या या जोड्यांपैकी अनेक अजूनही दुरुस्त होऊ शकतात. चुकीच्या दुरुस्तीत मात्र ट्विटर जळू शकतो आणि अनेक जुन्या मॉडेलचा तसाच ट्विटर आज मिळत नाही. त्यामुळे पेटी उघडण्याआधी थोडी माहिती असणे महत्त्वाचे आहे.

क्रॉसओव्हर म्हणजे काय?

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. ही सगळी कक्षा एकाच पडद्याने नीट वाजवणे कठीण असते. म्हणून पेटीत ढोलकी, तबला यांच्या खालच्या स्वरांसाठी मोठा वूफर आणि झांज, शब्दांतले ‘स’, ‘श’ यांसाठी छोटा ट्विटर असतो. ॲम्प्लिफायरकडून येणारा सिग्नल या दोघांत वाटून देणारे सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर.

त्यात मुख्यतः तीन प्रकारचे भाग असतात. कॅपॅसिटर खालचे स्वर अडवतो आणि वरचे ट्विटरकडे सोडतो. तांब्याच्या तारेची कॉइल वरचे स्वर अडवून खालचे वूफरकडे पाठवते. रेझिस्टन्स ट्विटरचा आवाज वूफरच्या प्रमाणात आणतो. अनेक स्वस्त पेट्यांमध्ये तर ट्विटरच्या तारेत बसवलेला एकच कॅपॅसिटर म्हणजे अख्खा क्रॉसओव्हर असतो.

काळानुसार नेमके काय बिघडते?

तांब्याची कॉइल सहसा बिघडत नाही. रेझिस्टन्स जास्त तापला तर त्याचे मूल्य बदलते किंवा तो तुटतो. सर्वाधिक म्हातारा होतो तो इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर. त्याच्या आत ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या आणि द्रवात भिजवलेला कागद असतो. वर्षे जातात तसा हा द्रव सुकतो. कॅपॅसिटरचे मूल्य बदलते आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो.

यात उष्णतेचा वाटा मोठा आहे. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कॅपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम आहे. बुलढाणा शहर घाटावर आहे, तर खामगाव घाटाखाली. इथे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त तापते. म्हणजे न वाजवता माळ्यावर ठेवलेला स्पीकरही आतून म्हातारा होत असतो.

आवाजात किती फरक पडतो?

८ ओहमच्या ट्विटरला ४.७ मायक्रोफॅरडचा एकच कॅपॅसिटर जोडला आहे, असे समजा. हिशेबाने हा ट्विटर सुमारे ४,२०० हर्ट्झपासून वर जोमाने वाजतो. जुनेपणामुळे कॅपॅसिटरचे मूल्य ६.२ झाले, तर ही सीमा सुमारे ३,२०० हर्ट्झवर येते. याचा अर्थ, जे खालचे स्वर ट्विटरकडे जायला नको होते, तेही त्याच्याकडे जातात. मोठ्या आवाजात त्याची नाजूक कॉइल जास्त तापते.

अंतर्गत रोधाचा परिणाम वेगळा असतो. तो २ ओहमने वाढला, तर ८ ओहमच्या ट्विटरचा आवाज जवळपास २ डेसिबलने खाली येतो. ‘शब्द स्पष्ट येत नाहीत’, ‘गाणे घोंगडीआडून आल्यासारखे वाटते’ या तक्रारीमागे हे कारण असू शकते. दोन्ही पेट्यांतले कॅपॅसिटर सारखेच जुने होत नाहीत. त्यामुळे मध्यभागी असायला हवा तो गायकाचा आवाज एका बाजूला सरकतो.

दोष क्रॉसओव्हरचाच कशावरून?

पहिली तपासणी फुकट आहे. ॲम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करायची. दोष त्याच पेटीत राहिला, तर बिघाड पेटीत आहे. दोष दुसऱ्या पेटीत गेला, तर ॲम्प्लिफायर किंवा वायर पाहायला हवी.

दुसरी तपासणी डोळ्यांची आणि बोटांची. त्या काळातल्या अनेक वूफरच्या कडेला फोमची गोल पट्टी असे. ती वर्षांनुवर्षांत भुसभुशीत होऊन गळते. अशा वेळी खरखर क्रॉसओव्हरमुळे येत नाही. वूफरचा पडदा दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने आत दाबावा. आत घासल्याचा आवाज आला, तर कॉइल सरकलेली असते.

तिसरी तपासणी मल्टिमीटरची. ट्विटरची एक तार सोडवून रोध मोजायचा. ८ ओहमच्या ट्विटरला साधारण साडेपाच ते सात ओहम दिसले तर कॉइल शाबूत आहे. काहीच दिसले नाही, तर ती तुटली आहे. त्या वेळी नुसता कॅपॅसिटर बदलून उपयोग होत नाही.

शेवटी कॅपॅसिटर मोजायचा. तो सर्किटमध्ये असताना घेतलेले माप चुकते, म्हणून त्याचा किमान एक पाय सोल्डरमधून मोकळा करावा लागतो. कॅपॅसिटन्स मोजण्याची सोय असलेल्या मल्टिमीटरवर मूल्य कळते. अंतर्गत रोधासाठी एलसीआर मीटर किंवा ईएसआर मीटर लागतो.

काय बदलायचे, काय तसेच ठेवायचे?

मोजमापात मूळ मूल्यापासून दूर गेलेले इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर बदलावेत. तेही दोन्ही पेट्यांतले एकाच वेळी आणि शक्यतो मोजून जुळवलेले. एकाच पेटीतला भाग बदलला, तर दोन्हींचा आवाज वेगळा राहतो. फुगलेला, चटका बसलेला रेझिस्टन्स त्याच ओहमचा आणि तेवढ्याच किंवा जास्त वॉटचा घ्यावा.

कॉइलला हात लावू नये. ‘चांगली, जाड तारेची’ म्हणून दुसरी बसवली, तर तिचा स्वतःचा रोध बदलतो आणि त्यासोबत वूफरचा स्वभावही. कॉइल बोर्डावर एकमेकींपासून दूर किंवा आडव्या-उभ्या बसवलेल्या असतात. एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरू नये, यासाठी ती रचना असते.

सुटे भाग खामगावात मिळतील का?

स्पीकरमधला विद्युतप्रवाह सतत दिशा बदलतो. म्हणून तिथे अधिक-उणे अशी बाजू नसलेला कॅपॅसिटर लागतो. त्यावर ‘एनपी’ किंवा ‘बीपी’ असे लिहिलेले असते. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळतो तो मात्र बहुधा अधिक-उणे असलेला. तो तसाच लावला तर काही दिवस वाजतो आणि मग खराब होतो. एनपी कॅपॅसिटर ऑनलाइन मागवता येतो किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून आणता येतो.

एक पर्याय गावातच आहे. पंख्याचा ‘कंडेन्सर’ कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात असतो. २.२५, २.५, ३.१५, ४ मायक्रोफॅरड अशा मापांतला हा भाग प्लास्टिक फिल्मचा असतो, त्याला अधिक-उणे बाजू नसते आणि आत सुकणारा द्रवही नसतो. दोन कॅपॅसिटर समांतर जोडले की मूल्यांची बेरीज होते. २.२५ आणि २.५ मिळून ४.७५ होतात. मूळ ४.७ च्या जागी हा फरक जेमतेम एक टक्क्याचा आहे. आकाराने तो मोठा असतो, त्यामुळे पेटीत जागा पाहून पट्टीने घट्ट बांधावा. नाहीतर तोच खडखड करतो. पंख्यातून काढलेला जुना न वापरता नवीन घ्यावा आणि तोही मोजूनच लावावा.

महागडा कॅपॅसिटर म्हणजे चांगला आवाज?

तसे सरसकट म्हणता येत नाही. नव्या फिल्म कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध नगण्य असतो. मूळ रचनाकाराने इलेक्ट्रोलायटिकचा थोडा रोध गृहीत धरला असेल, तर नव्या भागाने ट्विटर जरा तिखट वाजू लागतो. अशा वेळी कॅपॅसिटरसोबत अर्ध्या ओहमच्या आतला छोटा रेझिस्टन्स जोडून समतोल परत आणता येतो.

ब्रिटनच्या ‘बीबीसी’ने १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेल्या ‘एलएस ३/५ए’ या छोट्या स्पीकरचे उदाहरण इथे उपयोगी पडते. त्याचे वूफर आणि ट्विटर केईएफ कंपनीच्या नेहमीच्या उत्पादनांतले होते. त्यांना नेमके जुळवून घेण्याचे काम क्रॉसओव्हरने केले. पुढे वूफरच्या गुणधर्मांत फरक पडू लागल्यावर १९८७ मध्ये क्रॉसओव्हर नव्याने आखावा लागला आणि १५ ओहमचा हा स्पीकर ११ ओहमचा झाला. क्रॉसओव्हर त्या-त्या वूफर-ट्विटरच्या मापाने शिवलेला असतो. म्हणूनच बाजारातला तयार बोर्ड जुन्या पेटीत बसवला, तर आवाज सुधारण्याऐवजी बिघडण्याचीच शक्यता जास्त.

जोडताना कुठे चुकते?

- तार सोडवण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत. काही रचनांत ट्विटर मुद्दाम उलट्या अधिक-उण्याने जोडलेला असतो. ती ‘चूक’ दुरुस्त करू नये.
- ट्विटर वाजतो का हे पाहण्यासाठी कॅपॅसिटर वगळून तो थेट ॲम्प्लिफायरला जोडू नये. खालच्या स्वरांची पूर्ण ताकद त्याच्यावर येते आणि तो जळू शकतो.
- आधी एकच पेटी उघडावी. दुसरी नमुना म्हणून बंद ठेवावी. पहिली पूर्ण झाल्यावरच दुसरी घ्यावी.
- पहिल्यांदा वाजवताना आवाज कमी ठेवावा आणि ओळखीचे, एकट्या गायकाचे गाणे लावावे. आवाज दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधून आला, तर जोडी जुळली.

खर्च किती, थांबायचे कुठे?

साध्या दोन-मार्गी जोडीत बदलायचे कॅपॅसिटर मोजकेच असतात. पंख्याच्या कंडेन्सरने काम भागले, तर सुट्या भागांचा खर्च काहीशे रुपयांत बसतो. खरा खर्च मोजण्याचा आणि वेळेचा असतो. ट्विटरची कॉइल तुटली असेल, वूफरचा पडदा फाटला असेल आणि पेटीचे लाकूड फुगले असेल, तर मात्र हिशेब बदलतो. अशी जोडी दुसऱ्या त्याच मॉडेलच्या स्पीकरसाठी सुटे भाग म्हणून जपून ठेवणे शहाणपणाचे. बाकीच्या स्पीकरसाठी क्रम एकच : आधी मोजा, बिघडलेलेच बदला आणि मूळ मूल्य सोडू नका.