मासळीचा भाव तलावातच ठरतो

आमचा धंदा कापडाचा. माल वर्षभर पडून राहिला तर फार तर घडीवर पिवळा डाग येतो. मासळीचा माल मात्र दुपारपर्यंत राहिला की संपला. आसेगावच्या आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, जातीने भोई, मुलीच्या लग्नाचे कापड उधारीवर नेले होते. मे महिन्यात आम्ही वसुलीला गेलो, तर गडी पाटीपुढे डोके धरून बसलेला. पहाटे ट्रकच्या ट्यूबवर बसून तलावातून काढलेले रोहू-कटला दहा वाजेतो पोटात मऊ पडले होते. निम्म्या भावात माल गेला आणि आमची उधारी तशीच राहिली.

त्याची समजूत अशी की मेलेली मासळी जाळीतच पाण्यात लोंबत ठेवली म्हणजे थंड राहते. उन्हाळ्यात तलावाचे वरचे पाणीच कोमट. त्यात जिवंत मासा टिकेल, मेलेला कुजेल. मरळीची गोष्ट वेगळी. ती हवेत श्वास घेते, थोड्या पाण्यात बाजारापर्यंत जिवंत जाते. रोहूला ही सवलत नाही. तो तडफडत मेला तर आणखी लवकर उतरतो, म्हणून पकडताच डोक्यावर एक फटका द्यावा, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवावा आणि काठावर येताच कल्ले व आतडी काढून धुवावा.

खरा इलाज बर्फ. हिशेब सोपा आहे. एक किलो मासळी तीस अंशांवरून शून्यावर आणायला साधारण तीनशे ग्रॅम बर्फ वितळतो. पण उन्हाची गळती धरता किलोला किलो बर्फ हवा. तो फोडून थराथराने घालावा. खोक्याला तळाशी भोक ठेवावे, नाहीतर मासळी घाण पाण्यात पोहते. ट्यूबवर जागा नाही ही तक्रार खरी. मागे दोरीने दुसरी ट्यूब बांधून तिच्यावर थर्माकोलचा खोका ठेवता येतो.

सरकारने 2020 साली सुरू केलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फपेटीसह मोटारसायकलीला सर्वसाधारण गटासाठी 40 टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी 60 टक्के अनुदान ठेवले गेले. आमच्या गिऱ्हाइकाला ते ठाऊकच नव्हते. कागद जमवण्यात दिवस जातात, मासळी थांबत नाही. तेव्हा थर्माकोलचा खोका आणि आठ दिवसांच्या बर्फाचे पैसे आम्हीच त्याच्या खात्यावर लिहिले. मुनीमजी म्हणाले, बुडत्या उधारीवर आणखी उधारी? पुढच्या बाजारी गडी आला, बर्फाचे पैसे चुकते केले आणि कापडापैकी दोनशे रुपये जमा करून गेला. बाकी अजून बरीच आहे.