पाहुणे आले, फाटक बंद

बाओ ली आणि चिंग बाओ हे तीन वर्षांचे दोन पांडा १५ ऑक्टोबर २०२४ ला वॉशिंग्टनला उतरले, आणि त्याच दिवशी राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयानं फाटक बंद ठेवलं. मे महिन्यातच तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडेन यांच्यासह चित्रफीत काढून घोषणा झाली होती, फेडेक्सच्या विमानावर पांडाचं भलंमोठं चित्र होतं. तरी ऐन दिवशी प्रेक्षकांना मज्जाव.

प्रसिद्धीचं अवघड काम सुरू झालं ते इथून. लोकांची उत्सुकता टिकवायची, पण जनावराला घाई करायची नाही. आधी किमान महिनाभर विलगीकरण, मग नव्या जागेची, आवाजांची, माणसांची सवय. बांबू किती संपला, लेंड्या कशा पडल्या, यावर देखभाल करणाऱ्यांचं लक्ष. आम्हा इथल्या रहिवाशांपर्यंत अधूनमधून फोटो यायचे, तेवढेच. जानेवारीत बर्फ पडला आणि दोघंही त्यात मनसोक्त लोळले. ती छोटीशी चित्रफीत हातोहात फिरली, आमच्या मराठी मंडळींच्या गटांवरसुद्धा. एवढं कुठल्या फलकाला साधलं नसतं, कारण तिथं पांडाला कुणी काही करायला लावलं नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या चीनभेटीनंतर आलेली पांडांची जोडी १६ एप्रिलला पोचली होती. चारच दिवसांत पॅट निक्सन यांच्या उपस्थितीत स्वागत समारंभ झाला, आणि दर्शन खुलं झालं त्या पहिल्याच दिवशी सुमारे २० हजार माणसं लोटली. या खेपेला तारीख पडली २४ जानेवारी २०२५, म्हणजे येऊन तीन महिने उलटल्यावर. ही सबुरी मला फार मोलाची वाटते.

तिचं फळ काचेपलीकडे दिसलं. बाओ ली फतकल मारून बसला होता. बांबूचा दांडा पंजात आडवा धरायचा, दातांनी हिरवी साल सोलून पोटावर टाकायची आणि आतला गर कडाकडा चावायचा. काचेशी पोरांचा गलका चालला होता. त्यानं मान वर केली नाही.

२४ जानेवारीलाच पांडांचा थेट कॅमेराही पुन्हा सुरू झाला. इथं सकाळ होते तेव्हा पुण्यात संध्याकाळ, त्यामुळे माझी आई चहाच्या वेळी तो लावते. कधी पांडा दिसतो, कधी नुसता ओंडका. रिकामी चौकटही तशीच दाखवतात, आणि मला ते पटतं.